व्हीलचेअर, भांगाची भरती आणि घारापुरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पनवेल-उरण पट्ट्यात घरी जाऊन पेशंट बघते. बरेचसे लकव्याचे, गुडघे बदललेले, आणि काही मणक्याला मार बसलेले. त्यातल्याच एक ताई, उरणच्या, शाळेत चित्रकला शिकवतात. स्कूटरच्या अपघातात मणक्याला डी-८ च्या लेव्हलला इजा झाली. म्हणजे छातीच्या खाली जाणीव नाही, पाय हलत नाहीत आणि पोटाचे स्नायूही अर्धवटच साथ देतात, त्यामुळे नुसतं बसायचं म्हटलं तरी तोल हातांनी धरून ठेवावा लागतो. हात मात्र जबरदस्त. व्हीलचेअर स्वतः चालवतात, पलंगावर स्वतः सरकतात, शाळेतही पुन्हा रुजू झाल्यात.

एकदा व्यायाम चालू असताना म्हणाल्या, "डॉक्टर, मला घारापुरीला जायचंय. पोरांना इतकी वर्षं तिथल्या लेण्यातली त्रिमूर्ती फोटोवरून शिकवतेय, बेट इथनं किनाऱ्यावरनं दिसतं, आपल्याच तालुक्यात येतं, आणि मी अजून पाऊल टाकलेलं नाही." त्यांचा भाऊ बाजूलाच होता, तो म्हणाला अगं तिथे सव्वाशे पायऱ्या आहेत. ताई म्हणाल्या पायऱ्या मला माहितीयेत, मी डॉक्टरांना विचारतेय.

मी हो म्हटलं, आणि मग बसून विचार केला तर लक्षात आलं की पायऱ्या हा त्यातला सोपा भाग आहे. त्यासाठी तिथे डोलीवाले असतात. अवघड आहे ते धक्का आणि लाँच यांच्यातलं ते दोन हाताचं अंतर, जे सारखं वरखाली होत असतं आणि ज्याच्यावर ना कठडा ना फळी.

म्हणून आधी तिथी बघितली. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीच्या पाण्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, लाँच कधी धक्क्याच्या बरोबरीला तर कधी पार खाली. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक निम्म्यावर येतो. तर भांगाचा दिवस, जानेवारीतली सकाळ म्हणजे वारा कमी, आणि सोमवार नको कारण सोमवारी लेणी बंद. हे सगळं जुळवून तारीख काढली.

दुसरं म्हणजे झोळी. उचलताना लोक काय करतात, काखेत हात घालतात आणि गुडघ्याखाली हात घालतात. ज्याला जाणीव नाही त्याच्या मांडीला खरचटलं तरी कळत नाही, आणि बाईमाणसाला चार अनोळखी पुरुषांनी असं धरायचं हे तिला किती नकोसं होतं ते मी कितीतरी पेशंटकडून ऐकलंय. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेल्या बोट अपघातानंतर लाँचवर लाइफ जॅकेट घालावंच लागतं, आणि जॅकेटवरून काखेतली पकड नीट बसत नाही. म्हणून ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची झोळी शिवून घेतली, सहा मुठींची, मांडीपासून पाठीपर्यंत येणारी. ही अंगाखाली सरकवायची, चौघांनी मुठी धरायच्या, कुणाचाच हात अंगाला लागत नाही. फक्त बसल्यावर ती खालून काढून घ्यायची किंवा सुरकुती न ठेवता सपाट करायची, नाहीतर त्या एका घडीवर दोन तास बसलं की प्रेशर सोअर, म्हणजे दाबानं होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही. ताईंनी घरी पलंगावर भावाला आणि पुतण्यांना घेऊन त्याची प्रॅक्टिस केली.

सकाळी अटल सेतूवरून गाडीनं गेटवेला आलो. मी, ताई, भाऊ आणि मोठा पुतण्या. दगडी पायऱ्यांपाशी पोचलो तर खाली लाँच लागलेली, आणि एक खलाशी, चांगल्या मनाचा माणूस, "चला ताय, काय नाय होत" म्हणत सरळ पुढे आला आणि लहान पोराला उचलतात तसं उचलायला वाकलाच. ताईंनी तळहात पुढे केला. "थांबा दादा. आधी माझं ऐका, मग उचला." आवाज वर्गातला. तो थांबला. मग त्यांनी स्वतः समजावलं, झोळी कशी धरायची, कोण कुठे, पाय आधी की डोकं आधी, आणि शेवटी म्हणाल्या मी एक-दोन-तीन म्हणीन, तीनला उचलायचं.

खलाशी म्हणाला, "ताय, तीनला बोट खाली गेली तर?"

खरंच होतं त्याचं. आम्हाला कॉलेजात शिकवलंय की पेशंटनं मोजायचं, सगळ्यांनी एकदम उचलायचं, आणि जमिनीवर ते बरोबरच आहे. पण पाण्यावर लाट कुणाच्या मोजणीसाठी थांबत नाही. बोट वर येते, क्षणभर धक्क्याशी जुळते आणि परत उतरते, तो क्षण बघायला खलाशाचीच नजर लागते. ताईंनी दोनतीन लाटा नुसत्या बघितल्या. मग म्हणाल्या, "बरं. 'तयार' मी म्हणणार. त्याच्यानंतर 'आता' तुम्ही म्हणायचं. मी तयार म्हणेपर्यंत कुणी मुठीला हात लावायचा नाही." खलाशानं मान हलवली. त्या तयार म्हणाल्या, तो पाण्याकडे बघत राहिला, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि "आता!" म्हटल्याबरोबर ताई लाँचमध्ये. मी इतकी वर्षं ट्रान्सफर, म्हणजे पेशंटला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणं, शिकवतेय, पण हे असं वाटून घेणं मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही, आणि तेव्हापासून मी ते घरातल्या पेशंटलाही शिकवते.

खालच्या डेकवर खुर्चीची चाकं लॉक करून वर दोरानं खांबाला बांधली. इंजिनाच्या थरथरीनं मधेच त्यांच्या डाव्या पायाला स्पॅझम आला, पाय आपोआप उडायला लागला, शेजारचे घाबरले. ताईंनी मांडीवर हात दाबून धरला आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, होतं असं, थांबेल आता. तासाभराचा प्रवास, तोपर्यंत दर वीसेक मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, ते मी घड्याळ लावून करून घेत होते.

घारापुरीच्या धक्क्यावर उतरणं तसं सोपं गेलं कारण भरती होती. तिथली छोटी रेल्वे आहे ना, तिच्या डब्याला पायरी आहे, खुर्ची आत जात नाही. पण धक्का लांबलचक आणि सपाट काँक्रीटचा, दोन्ही बाजूला खारफुटी, मग ताई म्हणाल्या रेल्वे नकोच, मी माझी जाते. आणि गेल्या की! मला अक्षरशः भरभर चालावं लागलं. अपघातानंतर इतकी मोकळी सरळ वाट त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती, उरणच्या रस्त्याला दहा पावलांवर खड्डा नाहीतर स्पीडब्रेकर.

डोली म्हणजे लाकडी खुर्ची आणि तिला बांधलेले दोन दांडे, चार जण खांद्यावर घेतात. आम्ही बसायच्या जागी त्यांची स्वतःची गादी ठेवली, छातीला एक पट्टा, पायांना एक पट्टा. इथेही तेच, तयार ताई म्हणणार. दोन्ही बाजूला दुकानं, वर निळ्या ताडपत्र्या, काकड्या-बोरं विकणाऱ्या बायका, माकडं. ताई मधेच "थांबा" म्हणायच्या आणि डोलीवाले थांबायचे, कधी पट्टा सारखा करायला तर कधी नुसतंच मागे वळून समुद्र बघायला. व्हीलचेअर पुतण्यानं वर आणली.

लेण्यात शिरताना परत पायऱ्या आहेत, आत जमीन दगडी आणि उंचसखल, पण खुर्ची चालते, पुढची छोटी चाकं उचलून मागच्या चाकांवर घ्यायची तेवढी. सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं काम असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ताई आधी त्रिमूर्तीसमोर गेल्या. सुमारे वीस फूट उंचीचं ते शिल्प, मधला शांत चेहरा, एका बाजूला उग्र, दुसऱ्या बाजूला कोमल हातात कमळ घेतलेला. वही काढली आणि बराच वेळ काही काढलंच नाही. मग म्हणाल्या, फोटोत नेहमी समोरून उजेड असतो, इथे बाजूनं येतोय, ओठांची सावली वेगळीच पडते, मी पोरांना चुकीची सावली शिकवत होते.

पण जास्त वेळ त्या थांबल्या नटराजापाशी. ते शिल्प खूप मोडलंय, पाय गेलेत, बहुतेक हात गेलेत. ताईंनी मला बोलावलं. "डॉक्टर, वजन कुठल्या पायावर आहे सांगा." मी म्हटलं पाय तर नाहीयेत. "कंबर बघा ना." आणि दिसलं. एक बाजू उचललेली, कणा त्याच्या उलट वळलेला, खांदा परत भरपाई करतोय. मी दिवसभर लोकांच्या कंबरेची उंचसखल हाडं बोटांनी चाचपून हेच ओळखत असते. आम्ही दोघी तिथे किती वेळ बोलत होतो, पेल्व्हिस, कणा, तोल, त्या पेन्सिलीनं रेघ मारून दाखवतायत आणि मी कुठला स्नायू ताणलाय ते सांगतेय. भाऊ दोनदा येऊन गेला.

उतरताना डोलीवाल्यांशी थोडं बोलणं झालं. उतारावर तोंड खालच्या दिशेला असलं तर पोटात जोर नसलेला माणूस पुढे झुकतो, म्हणून मी म्हटलं पाठ उताराकडे ठेवा. त्यांना सवय नव्हती. ताईंनी दोनदोन पायऱ्या दोन्ही प्रकारे उतरून बघायला लावल्या आणि पाठ उताराकडेच ठेवली.

खाली आलो तोवर लघवीची वेळ झाली होती. त्यांना दर चार तासांनी कॅथेटर घालून मोकळं व्हावं लागतं, त्याला स्वच्छ जागा, पाणी, आडोसा आणि पंधरा मिनिटं लागतात. खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह आम्हाला मिळालं नाही. जिथे जेवलो त्या घरगुती खानावळीतल्या वहिनींना सांगितलं, त्यांनी एक शब्द न विचारता मागची पडवी मोकळी केली, दोरीवर चादर टाकली, गरम पाणी दिलं.

पडवीच्या पलीकडे खाटेवर त्यांच्या सासूबाई होत्या. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला पार बाकलेले. मी सवयीनं गुडघे बघायला घेतले. मोठ्या दवाखान्यात जायचं तर लाँचच. म्हटलं धक्क्यापर्यंत कशा जाता, तर म्हणाल्या नातू पाठीवर घेतो. डोली? तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं. "ती टुरिस्टची. मी काय टुरिस्ट हाय का?"

यावर मला काही बोलता येईना. आम्ही महिनाभर तयारी करून एक दिवसासाठी आलेलो, आणि ही बाई तेच पाणी, तोच धक्का प्रत्येक दुखण्याला ओलांडतेय. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर, तीन गावं आहेत तिथे, म्हातारी माणसं तिन्हीकडे असणारच. रात्री उठायला भीती वाटते का विचारलं तर म्हणाल्या आता नाय. २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर आणि मग काळोख, त्या काळोखात त्या दोनदा पडल्या होत्या. एका बल्बनं पडणं थांबतं हे मी रोज पेशंटच्या घरच्यांना सांगते. खाटेच्या पायांखाली विटा ठेवून खाट उंच करायला सांगितली म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो, आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचा व्यायाम शिकवला. ताई खुर्ची घेऊन शेजारीच आल्या होत्या, त्या म्हणाल्या आजी, मोजा मोठ्यानं, नाहीतर डॉक्टर दहाचे वीस करून घेतात.

परतताना वारा सुटला होता आणि पाणी उतरलेलं. धक्क्याला एक लाँच लागलेली आणि आमची तिच्या पलीकडे, म्हणजे आधी एका बोटीत, तिच्यातून दुसऱ्या बोटीत, आणि दोन्ही आपापल्या तालावर हलतायत. मागे गर्दी, कुणीतरी ओरडलं, लवकर करा, उचला की पटकन. खलाश्यांनी मुठी धरल्या. ताई म्हणाल्या, "सोडा. मी तयार म्हटलेलं नाही." झोळी डाव्या मांडीखाली दुमडली होती. ती मी सरळ केली, जॅकेटचा बंद आवळला, मग त्या म्हणाल्या तयार. तांडेलानं, म्हणजे लाँचच्या मुख्य खलाशानं, स्वतः येऊन दोन्ही बोटींचे दोर जवळ ओढायला लावले, हात वर करून गर्दी थांबवली, आणि त्यानं "आता" म्हणेपर्यंत मला वाटतं कुणी श्वासही घेतला नसेल.

मला विचाराल तर लेण्यापर्यंत डोंगर फोडून रॅम्प करा असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही टोकांना पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला रुंद फळी, एवढं केलं तर निम्मी अडचण मिटते, आणि ती टुरिस्टची तशी त्या आजींचीही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नियम २०१७ ला आले, आधीपासूनच्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या असं त्या कायद्यात लिहिलंय. ती पाच वर्षं कधीच उलटली. ताईंनी येताजाता टेपनं सगळी मापं घेतलीयेत, पायरीची उंची, दाराची रुंदी, धक्क्यावरून लाँचमधलं अंतर भरतीला किती आणि ओहोटीला किती, आणि चित्रांसकट अर्ज तयार केलाय, कारण चित्र असलं की साहेब पान उलटत नाहीत असं त्यांचं म्हणणं.

त्याच ताडपत्रीवाल्याकडून अजून दोन झोळ्या शिवून झाल्यात. एक आजींच्या नातवाकडे पोचली, त्याला मुठी कशा धरायच्या ते ताईंनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. दुसरी त्या लाँचवर ठेवायचीय. त्यासाठी परत जायचंच आहे, पुढचा भांग बघून ठेवलाय, आणि या वेळी त्यांच्या शाळेतली, पायाला आधाराचं कॅलिपर लावणारी सातवीतली एक मुलगीही येणार आहे, तिच्या आईनं कालच फोन करून हो म्हटलं.