तोबाच्या किनाऱ्यावर भाजलेली मासळी आणि आमच्या ह्यांचे थेपले

आमच्या बडोद्याला समुद्र नाही, सुरसागर आहे, आणि त्यातले मासे काही कोणी खात नाही. मासळी येते ती वेरावळकडून बर्फात बसून. मी सीकेपी, हे देशस्थ, आणि तेही असे की घरात पापलेट तळायला घेतलं की हे चप्पल घालून दांडिया बाजारात चक्कर मारायला निघतात. त्यामुळे मुलाने नागोयाहून फोनवर "आई, समुद्राकाठच्या एका मिन्शुकुत राहायला जाऊया, तिथे लोक भाजलेली मासळी खायलाच येतात" म्हटल्यावर माझी बॅग त्याच रात्री भरली आणि ह्यांनी स्वतःची एक वेगळी पिशवी भरली, थेपले, छुंदो, लीलो चिवडो, भाकरवडी, म्हंजे जपानमध्ये दुष्काळ पडलाय अशी तयारी.

मिन्शुकु म्हणजे आपल्या कोकणात घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देतात ना, तसलाच प्रकार. ऱ्योकानचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक सराईचा, थाट नाही, किमोनो घातलेल्या बायका वाकून स्वागत करत नाहीत, घरातलीच माणसं स्वयंपाक करतात, तीच वाढतात, गादी बऱ्याच ठिकाणी आपली आपण घालायची. मला विचाराल तर मी ऱ्योकानपेक्षा हेच घेईन, एक तर पैसे निम्मे आणि दुसरं म्हणजे तिथल्या शांततेत शिंकायची पण भीती वाटते.

नागोयाहून किंतेत्सुच्या गाडीने तोबाला साधारण पावणेदोन तासांत पोचतो, पुढे ओसात्सु नावाच्या गावापर्यंत बस. हा सगळा मिए प्रांत, पॅसिफिकच्या काठाचा. तोबाला स्टेशनजवळच मिकिमोतो मोत्यांचं बेट आहे, मिकिमोतो कोकिचीने 1893 मध्ये शिंपल्यात पहिला अर्धगोल मोती तयार करून दाखवला तो इथला. मुलगा तिथे कौतुकाने सांगत होता आणि माझ्या डोक्यात आपले बडोद्याचे खंडेराव महाराज, ज्यांनी 1865 च्या सुमारास बसरा मोत्यांचा अख्खा गालिचा करवून घेतला होता, जो 2009 मध्ये दोह्याला लिलावात पन्नास लाख डॉलरच्या वर गेला. पुढे ह्या जपानी मोत्यांनीच आखातातल्या मोत्यांचा धंदा बुडवला. बडोद्याच्या माणसाने ते बेट जरा तिरक्या नजरेने बघितलं तर चालून जावं. असो.

आम्ही गेलो मार्चमध्ये. ओसात्सुत उतरलो तर वाऱ्याला वाकामे वाळत घातलेलं, समुद्रातलं शेवाळ, लांबच लांब तपकिरी पट्ट्या दोरीवर, आणि हवेत तो खारट वास, ह्यांनी लगेच रुमाल काढला. घर साधं, दुमजली, दारात चप्पल काढायची, आतल्या सपाता घालायच्या, तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत त्याही काढायच्या, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. घराच्या मालकीणबाई, ओकामी-सान म्हणतात त्यांना, साठीच्या पुढच्या, हात असे की नारळ नुसता पिळून फोडतील. त्या स्वतः आमा होत्या, म्हणजे ऑक्सिजनची टाकी न घेता समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका. एका बुडीला साधारण 50 सेकंद, वर आल्यावर दम सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, तो त्यांनी आम्हाला करून दाखवला आणि मग स्वतःच पदराने तोंड झाकल्यासारखं हात तोंडावर ठेवून हसल्या. मोजायची एक छोटी पट्टी पण दाखवली, अबलोन, म्हणजे एक प्रकारचं शिंपलं, 10.6 सेंटीमीटरपेक्षा लहान निघालं तर परत सोडायचं, प्रांताचा नियमच आहे.

अंघोळ जेवणाआधी. बाहेर साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं आणि मगच त्या गरम पाण्याच्या हौदात बसायचं, तेच पाणी पुढच्या माणसाला, त्यामुळे बूच काढायचं नाही. हे ह्यांना मुलाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी दाराबाहेरून ओरडून सांगितलं.

जेवण सहाला. सहा म्हणजे सहा. आणि मेनू वगैरे काही नाही, त्या दिवशी जे आलं ते.

अंगणाच्या बाजूला पडवीत मातीच्या छोट्या गोल शेगड्या, शिचिरिन, त्यात बिंचोतान कोळसा. हा शेजारच्या वाकायामाचा, उबामे नावाच्या ओकच्या लाकडाचा, इतका कडक की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लोखंडासारखा टणकन वाजतो, धूर जवळपास नाही आणि धग तासन्‌तास तशीच. ह्यांच्या रुमालाला काही काम उरलं नाही.

आधी साझाए, मुठीएवढे शंख, पाठीवर काटे. तोंड वर करून जाळीवर उभे ठेवतात. थोड्या वेळाने झाकणाच्या कडेने पाणी बुडबुडायला लागतं, मग ओकामी-साननी त्यात शोयु, म्हणजे सोया सॉस, आणि साके, ती तांदळाची दारू, असं थोडं थोडं ओतलं, ते उकळून बाहेर कोळशावर सांडलं आणि जो काही वास आला, मी तर डोळेच मिटले. काढायचं कसं त्याची पण ट्रिक आहे, काडी आत खुपसायची आणि शंखच हळूहळू फिरवायचा, घाई केली तर शेपूट आत तुटून राहतं. ते शेपूट म्हंजे पोटाचा भाग, मादीचा गडद हिरवा, नराचा पांढरट, चव कडू. मुलगा बाजूला काढून ठेवत होता, मी त्याचे पण खाल्ले. कारलं खाणाऱ्या माणसाला कडूची काय भीती.

मग कालवं, अख्खी शिंपल्यासकट, ती भाजताना फटकन उडतात म्हणून ओकामी-साननी आम्हाला मागे सरकवलं आणि स्वतः हातमोजे घालून सुरीने उघडली. लिंबू सुद्धा नको म्हणाल्या, आधी तशीच खा. मग इसे-एबी, हा मोठा काट्याचा शेवंडा, उभा चिरून कवचासकट भाजलेला. ह्याचे वेगळे पैसे पडतात, आधीच सांगावं लागतं. मी पर्समध्ये घरच्या तिखट-मिठाची पुडी ठेवली होती, शेवंडा समोर आल्यावर काढली आणि थोडं लावूनही बघितलं, आणि खरं सांगते, तिखट लावलेला घास जास्त आवडला. जपानी लोक काय म्हणायचंय ते म्हणोत, ताज्या मासळीला मसाला लागत नाही हे मला पटत नाही, लागत नसेल पण शोभतो. ओकामी-साननी बोटाला लावून चाटलं, डोळ्यांत पाणी, आणि पुडी मागून घेतली.

आता ह्यांचं. इथेच खरी गंमत आहे आणि आपल्या लोकांनी हे नीट वाचा. जपानमध्ये मासा दिसत नाही तिथेही असतो, सूप, भाजी, टोफूवरचा रस, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाची. आपल्याकडे कसं, पानावर बसल्यावर "मी कांदा-लसूण खात नाही हं" म्हटलं की घरातली बाई पाच मिनिटांत काहीतरी करतेच. इथे तुमच्या नावाने सकाळी बाजार झालेला असतो, ताटल्या मोजून मांडलेल्या असतात, ऐनवेळी सांगितलं तर त्यांचीच पंचाईत होते, आणि तुम्हाला नुसता भात मिळतो. मुलाने बुकिंगच्या वेळीच फोनवर सगळं सांगून ठेवलेलं, बाबा मासा खात नाहीत, माशाचं पाणीही नको.

तर ह्यांच्यासमोर वेगळी शेगडी. शिताके मशरूम, रताळं, कांद्याची जाड चकती, भाताचे गोळे शोयु लावून दोन्हीकडून खरपूस भाजलेले. आणि एका भांड्यात नुसत्या कोंबूचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं पाणी उकळत ठेवलेलं. ओकामी-साननी ताजं वाकामे चॉपस्टिकमध्ये धरलं, बुळबुळीत तपकिरी, ह्यांचा चेहरा बघण्यासारखा, आणि त्या पाण्यात बुडवलं मात्र, एका क्षणात हिरवंगार! कोवळ्या मेथीचा रंग. "परत करा, परत करा," हे मराठीतच म्हणाले, आणि त्यांना ते कळलं पण. मग मार्च संपेपर्यंतचं सगळं वाकामे ह्यांनीच संपवलं असेल. थेपले पिशवीतच. ते दुसऱ्या दिवशी ओकामी-साननी शेगडीवर गरम करून खाल्ले, छुंद्यासकट, आणि गोड आहे की तिखट हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सकाळी नाश्त्याला आजी, म्हंजे हॉर्स मॅकरेल, उघडून मीठ लावून वाळवलेला आणि भाजलेला, सोबत रात्रीच्या शेवंड्याच्या डोक्याचं मिसो सूप. मुलगा म्हणाला "आई, आजी खातेयस तू," ह्या विनोदावर हे एकटेच हसले.

निघायच्या आधी गावातल्या शिनमेई मंदिरात गेलो, तिथली इशिगामी-सान ही दगडाची देवता बायकांची एक इच्छा पूर्ण करते म्हणतात, आमा बायका पूर्वीपासून जातात. गुलाबी कागदावर लिहून टाकायचं. मी मराठीत लिहिलं, मुलाने वाकून बघायचा प्रयत्न केला, त्याच्याच लग्नाचं होतं.

जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. असल्या घरांत कार्ड चालेलच असं नाही, रोख येन जवळ ठेवा. फोनवर जपानी बोलणारं कोणी असेल तर फार बरं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आहे का विचारून घ्या, जमिनीवर बसणं ठीक आहे पण फुटॉनवरून, म्हणजे जमिनीवरच्या गादीवरून, उठताना मला रोज मुलाचा हात लागला. आणि मुलांच्या मेच्या सुट्टीत जाऊ नका, मिएमध्ये मे ते सप्टेंबर इसे-एबी पकडायला बंदी असते, तिकिटाचे एवढे पैसे घालून शेवंड्याशिवाय यायचं म्हणजे काय. दिवाळीच्या सुट्टीत जा, ऑक्टोबरपासून परत सुरू होतं.