विनाकारण फिरण्याची सोय

मॉल ओस पडत चालल्याच्या बातम्या वाचताना मला तिथल्या दुकानांविषयी फारसे वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. दुकानदारी ही मुळातच फिरती गोष्ट आहे. गिऱ्हाईक जिकडे जाईल तिकडे ती आपले बिऱ्हाड हलवते आणि आता तर ती गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनमध्येच येऊन बसली आहे. मला चुटपुट लागते ती दुकानांच्या मधल्या जागेची. ती गुळगुळीत फरशीची रुंद वाट, कुंड्यांतली थोडी मलूल झाडे, एखादा बाक आणि वरच्या मजल्यावरचा तो कठडा, ज्यावर कोपर टेकून खालच्या माणसांची ये-जा पाहत अर्धा तास सहज घालवता येतो. खरेदीला आलेला माणूस या जागेतून भराभर निघून जातो. तिथे रेंगाळतात ते आमच्यासारखे, ज्यांना काहीच घ्यायचे नसते आणि तरीही आपण इथे कशाला आलो आहोत हे ज्यांना कोणी विचारत नाही.

गंमत अशी की, ही मधली जागा हाच मॉलचा मूळ हेतू होता. मॉलला आजचे रूप देणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. नाझींच्या ताब्यात गेलेले आपले शहर सोडून १९३८ मध्ये तो अमेरिकेत आला. मोटारींच्या भरवशावर पसरत गेलेली तिथली उपनगरे पाहून त्याला खटकले ते हे की, या वस्त्यांत घरे आहेत, रस्ते आहेत, पण माणसांनी एकमेकांना भेटावे असा चौक कुठेच नाही. मिनियापोलिसजवळच्या इडायना या उपनगरात ऑक्टोबर १९५६ मध्ये त्याने रचलेले ‘साउथडेल’ उघडले. चहूबाजूंनी बंदिस्त आणि आतली हवा वर्षभर एकसारखी ठेवणारा असा तो पहिला मॉल मानला जातो. बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा असताना आत झाडे, माशांचे तळे, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा आणि कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. ग्रुएनच्या मूळ आराखड्यात या इमारतीभोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग आणि तळे असे सगळे गावच होते. प्रत्यक्षात दुकाने तेवढी उभी राहिली आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या मोटारी. पुढे हीच नक्कल जिकडे तिकडे होत गेली, तेव्हा उतारवयात मायदेशी परतलेल्या ग्रुएनने १९७८ मध्ये लंडनमधल्या एका भाषणात मॉलचे पितृत्व जाहीरपणे नाकारले आणि या असल्या संततीला पोटगी देणार नाही, असेही ठणकावून सांगितले. त्याच्या व्हिएन्नाच्या वेशीवर तोवर एक प्रचंड मॉल उघडलाही होता. आत शिरल्यावर माणूस जे घ्यायला आला ते विसरतो आणि भान हरपून भटकू लागतो, त्या क्षणाला व्यापारी जगाने ‘ग्रुएन ट्रान्सफर’ असे नाव दिले. ज्याने चौक बांधायचे मनात धरले, त्याचे नाव गिऱ्हाइकाच्या भुलण्याला चिकटले, यापेक्षा मोठा सूड दुकानदारीने कोणावर उगवला असेल असे वाटत नाही.

मॉल का वाढले आणि का कोसळले, हे सांगताना हल्ली सगळा दोष इंटरनेटच्या माथी मारून लोक मोकळे होतात. तो दोष खोटा नाही, पण अपुरा आहे. अमेरिकेत १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांत वेगाने घसारा, म्हणजे इमारत झिजल्यापोटी करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट, दाखवण्याची मुभा दिली आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवे मॉल बांधणे हे जुनी बाजारपेठ सांभाळण्यापेक्षा किफायतशीर ठरले. म्हणजे दुकानांची गरज होती म्हणून इमारती उठल्या, असे सर्वत्र नव्हते. पुष्कळ ठिकाणी कराचे गणित जुळत होते म्हणून त्या उठल्या. परिणामी त्या देशात दरडोई दुकानी जागा इतर कोणत्याही देशापेक्षा कितीतरी जास्त झाली. एका मॉलने दुसऱ्याचे गिऱ्हाईक खाल्ले आणि ही खाखा ऑनलाइन खरेदी बाळसे धरण्याच्या बरीच आधी सुरू झाली होती.

शिवाय मॉलच्या रचनेतच एक नाजूक दुवा होता. दोन टोकांना दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आणि त्यांना जोडणाऱ्या वाटेवर लहान दुकाने, ही ठरलेली मांडणी. मोठ्या दुकानांना ‘अँकर’ म्हणत. ती गर्दी खेचून आणत, म्हणून त्यांच्याकडून भाडे नाममात्र घेतले जाई. खरे भाडे भरत ती मधली लहान दुकाने. लहान दुकानदार मात्र आपल्या करारात असे कलम घालून घेत की, अँकर निघून गेला तर आमचे भाडे उतरेल किंवा आम्हाला करार मोडता येईल. सगळे चालले होते तोवर या कलमाकडे कोणाचे लक्षही नव्हते. अशी डिपार्टमेंट स्टोअर्स चालवणाऱ्या सिअर्सने २०१८ मध्ये आणि जेसी पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, अँकर एकामागून एक उठले आणि मग एकेका मॉलमध्ये या कलमांनी आपले काम चोख बजावले. एक दिवा मालवला की उरलेले आपोआप मालवावेत, अशी ती व्यवस्था होती.

आता त्या जागांवर काय येते आहे? सर्वांत सरळ उत्तर ओहायो राज्यात क्लीव्हलँडजवळ मिळते. तिथला रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलमध्ये त्याची गणना होत होती. तो बंद पडला, पाडला गेला आणि २०१८ मध्ये त्याच जमिनीवर ॲमेझॉनचे गोदाम सुरू झाले. हिशेबाने पाहिले तर काहीच बिघडलेले नाही. वस्तू पूर्वीही तिथूनच लोकांच्या घरी जात होत्या, आजही तिथूनच जातात. फक्त मधल्यामध्ये माणसांचे भटकणे तेवढे गळाले, आणि जे गळाले त्याला ताळेबंदात कधी रकानाच नव्हता.

बाकीची रूपांतरे अधिक सुखावणारी आहेत. नॅशव्हिलमधल्या वन हंड्रेड ओक्स या मॉलचा मोठा भाग व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने घेतला आणि जिथे कपडे विकले जात तिथे बाह्यरुग्ण विभाग आले. ऑस्टिनमधल्या हायलँड मॉलमध्ये आता सामुदायिक महाविद्यालय भरते. व्हर्मांटमधल्या बर्लिंग्टन या गावी शाळेच्या इमारतीत घातक रसायने सापडली, तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या हायस्कूलने मेसीजच्या बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये बस्तान हलवले आणि मुले सरकत्या जिन्याने वर्गात जाऊ लागली. (तासाला उशीर झाल्याची इतकी ऐसपैस सबब दुसऱ्या कोणत्या शाळेत मिळाली असती?) दवाखाना, कॉलेज, कचेरी यांना मॉल मानवतो, कारण त्याला मोठे सलग मजले असतात, हमरस्त्याची जवळीक असते आणि गाड्या लावायला भरपूर जागा असते. घरांना तो सहज मानवत नाही. बाहेरचा उजेड आत आला तर वेळेचे भान येईल, म्हणून ज्या इमारतीच्या भिंतींना खिडक्याच ठेवलेल्या नाहीत, तिच्या पोटात माणसाने झोपायचे कसे? म्हणून घरे आणायची असतील तर बहुधा मॉल पाडावाच लागतो. कोलोरॅडोमधल्या लेकवुड येथे व्हिला इटालिया हा मॉल पाडून त्या जागी चक्क रस्ते आखले गेले आणि बेलमार नावाची पायी हिंडता येईल अशी बावीस ब्लॉकची वस्ती उभी राहिली. ग्रुएनच्या आराखड्यातले गाव अशा रीतीने त्याच्या मॉलच्या ढिगाऱ्यावर वसले.

तरीही माझे समाधान होत नाही. दवाखान्यात जायला आजार लागतो, कॉलेजात जायला प्रवेश लागतो, वस्तीत राहायला घर लागते. कामाशिवाय शिरणाऱ्याला या ठिकाणी आज ना उद्या कोणीतरी ‘आपल्याला कोण हवे आहे?’ असे सौजन्याने विचारणारच. मॉल उघडण्याआधी, दुकानांची शटर खाली असताना, त्या वाटांवर फेऱ्या मारणारी वृद्ध मंडळी अमेरिकेत इतकी होती की तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये अशा चालण्यासाठी एक मार्गदर्शिकाच काढली. सपाट जमीन, ऊन-पावसापासून आडोसा, टेकायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह, एवढे सगळे एका ठिकाणी फुकट मिळण्याची दुसरी जागा म्हातारपणी चटकन आठवत नाही.

अर्थात मॉलला संतपद देण्याचेही कारण नाही. तो चौकासारखा दिसत असला तरी मालकी खासगी होती आणि मालकाला हवे तेव्हा ती आठवत असे. पोर्टलँडच्या लॉइड सेंटर या मॉलमध्ये युद्धविरोधी पत्रके वाटणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मालकाच्या बाजूने कौल दिला. राज्यांना हवे तर आपल्या राज्यघटनेनुसार लोकांना मॉलमध्ये सह्या गोळा करण्याचा हक्क देता येईल, असे त्याच न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केले, पण ती सवलत राज्याराज्यावर सोडलेली. मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकाने १९९६ पासून शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून मज्जाव केला. म्हणजे विनाकारण फिरण्याची मुभा होती, पण ती कोणाला द्यायची हे दाराशी ठरत होते.

या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटते ते पैशाचे गणित. मॉलमध्ये आम्ही जे फुकट फिरत होतो ते खरोखर फुकट नव्हते. खरेदी करणारे पैसे देत, त्यातून दुकानदार भाडे भरत आणि त्या भाड्यातून आमच्या बाकाचा, दिव्यांचा आणि गार हवेचा खर्च निघे. गर्दी दिसली की गर्दी वाढते, म्हणून आमच्या रिकामपणालाही मालकाच्या लेखी किंमत होती. आता विक्री गोदामात गेली आणि गोदामाला गर्दीची गरज नाही. तेव्हा त्या बाकाचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न प्रथमच उघडपणे समोर आला आहे. कनेटिकटमधल्या मेरिडेन शहराने त्याचे एक उत्तर सार्वजनिक तिजोरीतून दिले. मॉलखाली गाडला गेलेला ओढा त्यांनी मोकळा केला आणि २०१६ मध्ये त्या जागी बाग खुली केली, जी पुराच्या वेळी पाणीही पोटात घेते. बाग उत्तमच, पण तिला छप्पर नसते आणि वर्षातले कितीतरी महिने माणसाला छप्पर हवे असते.

छपराचा दुसरा एक मार्ग न्यूयॉर्कने कधीच चाचपून पाहिला आहे. १९६१ च्या नियमावलीत त्या शहराने बिल्डरांशी सौदा केला की, तुम्ही आपल्या जमिनीवर लोकांसाठी मोकळी जागा ठेवा, त्या बदल्यात अधिक मजले चढवा. पुढे बंदिस्त, छताखालच्या जागाही या सौद्यात आल्या. मजले लगोलग चढले. जागांच्या बाबतीत मात्र कुठे कुंपण आले, कुठे कट्ट्यांवर खिळे ठोकले गेले, कुठे हॉटेलच्या टेबलांनी हळूहळू पाय पसरले. तरी शहराने हा प्रकार सोडून दिला नाही. ‘लोकांसाठी जागा’ असे मोघम लिहून भागत नाही हे ध्यानात आल्यावर नियम कडक होत गेले आणि बसण्याची जागा एकूण किती हवी, तिच्यापैकी किती आसनांना पाठ हवी, इथपर्यंतचे तपशील त्यांत उतरले. ओस पडलेल्या मॉलच्या जमिनीवर नवे काही बांधायला परवानगी देताना हे तपशील जसेच्या तसे उचलून त्यात छपराची तेवढी एक ओळ वाढवावी आणि ते पाळले जातात की नाही हे वर्षातून एकदा तपासायला कोणाला तरी पाठवावे, एवढीच माझी मागणी आहे. मग शेजारी दवाखाना येवो, कॉलेज येवो नाहीतर गोदाम, माझे काही म्हणणे नाही.