बांदा ते मांद्रे, तीस किलोमीटरची माहेरवाट

खरं सांगायचं तर हा ट्रिपचा प्लॅन वगैरे काही नव्हता. डिसेंबरात चार दिवस सुट्टी काढून सिंधुदुर्गातल्या बांद्याला घरी गेलेलो, तर आई म्हणाली गोव्यात मांद्रेला मावशीआजीला बघून ये, नव्वदीला आलीये, सारखी विचारते. मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. आजी गेली, ही आहे. भावाची अ‍ॅक्टिव्हा घेतली आणि निघालो.

बांद्यातून हायवेला लागलं की दहा मिनिटांत पत्रादेवी. आता तिथून गोवा सुरू होतो हे कळतं ते दारूच्या दुकानांवरून आणि पेट्रोलच्या रेटवरून, आमच्याकडची अर्धी पोरं टाकी भरायला म्हणून रोज बॉर्डर ओलांडतात. मी या रस्त्याने किमान दोनशे वेळा गेलो असेन पण हुतात्मा स्मारकाशी कधी थांबलो नव्हतो, बाजूने सुसाट जायचं, बस. यावेळी थांबलो, कारण १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन नुकताच होऊन गेलेला आणि वाहिलेले हार अजून तिथेच होते, सुकलेले.

१५ ऑगस्ट १९५५. देशाला स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झालेली, आणि इथून पलीकडे अजून पोर्तुगालच्या हुकूमशहाचं, सालाझारचं राज्य. हातात शस्त्र नसलेले सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून सीमा ओलांडत होते, महाराष्ट्र, पंजाब, मध्य प्रदेश, बंगाल, कुठून कुठून आलेले लोक. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्या एका दिवशी सीमेवर वीसहून जास्त माणसं मेली. इथे पत्रादेवीला सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या (त्या वाचल्या, पुढे खासदार झाल्या), आणि करनैल सिंग बेनिपाल पुढे आला तो तिथेच गेला. लुधियाना जिल्ह्यातल्या इसडू गावचा पोरगा, नुकतंच लग्न झालेलं. त्याने आयुष्यात गोवा पाहिला तो एवढाच, पत्रादेवीचे हे काही फूट. मी स्मारकासमोर उभा राहून त्या पंजाबातल्या नव्या नवरीचा विचार करत होतो, तिने मॅपवर पत्रादेवी कुठे शोधलं असेल.

आमच्याकडे त्या दिवसाबद्दल मोठ्या माणसांकडून जे ऐकलं त्यात शौर्य कमी आणि धावपळ जास्त. बांद्यात जखमी आणले, घराघरातून चादरी-धोतरं मागून नेली, माझ्या पणजीची दोन नवी लुगडी त्यात गेली आणि ती पुढे मरेपर्यंत त्या लुगड्यांचे रंग सांगायची.

पण माझ्या घरातली खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गोळीबारानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. सत्याग्रह पण थांबवला, रेल्वे बंद, माल बंद, माणसांना परमिट. इतिहासात याला आर्थिक नाकेबंदी म्हणतात आणि दोन ओळीत पुढे जातात. मावशीआजीचं लग्न १९५३ सालचं, बांद्याहून मांद्रेला दिलेली. मांद्रे ज्यात येतं तो पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचाच होता, मग पोर्तुगीजांकडे गेला, पण सोयरिकींना कोणी विचारलं नाही, पोरी इकडून तिकडे तिकडून इकडे दिल्या जायच्याच, देव तेच, जत्रा त्याच. आणि एकदम एका वर्षात तिचं माहेर परदेश झालं. बरं, बंद केली ती कोणी? आपल्याच सरकारने! पोर्तुगीजांना कोंडीत धरायला. कोंडीत कोण आलं ते मांद्रेला जाऊन विचारा.

तोरसेवरून पेडण्याकडे वळलो. मोपाचं विमान डोक्यावरून गेलं, एवढंच त्या रस्त्याबद्दल.

मावशीआजी ओसरीवर बसलेली, मला आधी भाऊ समजली, मग चष्मा लावून "रे झिला, तू खंयसून इलंस?" जेवायला बसवलं, सुंगटाची कढी, आणि मी मुद्दामच विषय काढला. आधी ती बटाट्यांवर आली. नाकेबंदीत गोव्यात माल बाहेरून बोटीने यायचा, बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, चहा सिलोनचा. "ते बटाटे गोड लागत, भाजयेक काय उपेगाचे नाय," ती म्हणाली. पासष्ट-सत्तर वर्षांनंतर पण बटाट्यांवरचा राग गेलेला नाही. मग पेटीतून एक एस्कुदोचं नाणं काढून दाखवलं, रुपया जाऊन हे पैसे आले तेव्हा बाजारात हिशोब करताना कशी तारांबळ व्हायची ते सांगितलं आणि हसली.

मग हसता हसताच म्हणाली, "बापूस गेलो ता माका धा दिसांनी कळला."

१९५७ मध्ये माझे पणजोबा बांद्याला वारले. तीस किलोमीटरवर. इकडून जायचं तर परमिट, तिकडे पोर्तुगीज पोलिसांच्या चौकशा, का जाते, कोणाला भेटणार, नवरा सत्याग्रहवाल्यांना सामील आहे का. त्या काळात आजेंत मोंतेरोचं, म्हणजे पोर्तुगीज पोलिसांतल्या त्या कुप्रसिद्ध क्रूर माणसाचं, नाव नुसतं घेतलं तरी लोक गप्प व्हायचे. सासऱ्याने पाठवलं नाही. त्याचं काही चुकलं असं पण ती म्हणाली नाही. दहाव्या दिवशी रात्रीचा डोंगरातून माल घेऊन येणारा कोणीतरी निरोप सांगून गेला, तो कोण होता हे तिला अजून माहीत नाही. तिने परसातल्या विहिरीवर आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेली.

मी विचारलं रेडिओ ऐकायचीस का, कारण आमच्या अंबोलीच्या जंगलातून २५ नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त रेडिओ चालायचा, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, पोर्तुगीज आणि कोंकणीतून, नंतर तो कॅसलरॉकला हलवला. मला वाटलं काहीतरी भारी ऐकायला मिळेल. तर म्हणे रेडिओ कोणाकडे होता, भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे! ती पहिल्यांदा माहेरी गेली १९६२ साली, लष्कर येऊन गोवा मोकळा झाल्यावर. आई ओळखू येईना एवढी वाळलेली. आजी आणि ती दोन दिवस भांडल्या म्हणे, का आली नाहीस यावरून.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात या घराने फुलाला मत दिलं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणाला. पेडण्यात फूलच पुढे होतं, पण एकूण गोव्यात दोन पानं, म्हणजे गोवा वेगळाच ठेवायची बाजू, ३४,०२१ मतांनी जिंकली. (यावर कमेंटमध्ये मारामारी करू नका प्लीज, दोन्हीकडचे माझे नातेवाईक आहेत.) गंमत म्हणजे मधे आमच्या दोडामार्गातले लोकच आम्हाला गोव्यात घ्या म्हणत होते. का नाही म्हणणार, नोकरी गोव्यात, मोठं दुखणं आलं की बांबोळीचं हॉस्पिटल. २०२० च्या लॉकडाऊनला पत्रादेवीला बॅरिकेड लागले तेव्हा माझा चुलत भाऊ पलीकडे फॅक्टरीत अडकला आणि काकी त्याला बॅरिकेडवरून डबा द्यायची. हे मावशीआजीला सांगितलं तर म्हणाली, "डबो तरी दिऊक गावलो."

निघताना तेरेखोल बघून जाऊ म्हणून केरीच्या फेरी धक्क्यावर आलो तर ओहोटी, फेरी बंद. तास-दीड तास बसलो. समोर हाकेवर किल्ला दिसतोय. सावंतवाडीच्या भोसल्यांचा किल्ला, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सोच्या सत्याग्रही तुकडीने त्यावर तिरंगा लावला आणि दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर इथे मारले गेले. फेरी लागल्यावर पलीकडे गेलो, आत चर्च आहे, वरून समुद्र दिसतो, फोटो काढणारे ढिगाने होते.

तेरेखोलचं भूगोलाचं पण अजबच आहे, नदीच्या उत्तरेला असून गाव गोव्याचं, म्हणजे गोव्यातून गाडीने यायचं तर फेरी नाहीतर महाराष्ट्रातून वळसा. मी रेडीच्या बाजूने घरी निघालो. डिकीत मावशीआजीने आईच्या गुडघ्यांना चोळायला दिलेली काजूफेणीची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर उकड्या तांदळाची पिशवी ठेवलेली. "वाटेर कोण इचारल्यान तर तांदूळ म्हण," तिने दोनदा बजावलेलं. रेडीपर्यंत कोणी विचारलंच नाही.