आमची वाटचाल : खताच्या दुकानातून काचेच्या टाकीत

फैजपूरला आप्पांचं कृषी सेवा केंद्र होतं. यावल-रावेरचा पट्टा केळीचा, आणि केळी म्हटली की ठिबक आणि विद्राव्य खतं आलीच. शाळा सुटली की मी काउंटरवर बसायचो, त्यामुळे 'झिरो बावन चौतीस' (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) आणि 'तेरा झिरो पंचेचाळीस' (पोटॅशियम नायट्रेट) ही खतांची नावं कानावर पडतच मोठा झालो. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात मी पुढे मासे ठेवायला सुरुवात केली. आप्पांना ते पटलं नव्हतं. "शेतकरी औषध घ्यायला येतो, मासा बघायला नाही," असं त्यांचं म्हणणं. पण औषध घ्यायला आलेल्या माणसाचं पोरगं टाकीसमोरून हलायला तयार नसायचं, आणि बाप निघताना गोल्डफिशची जोडी पिशवीत घालून न्यायचा.

तो फ्लॉवरहॉर्न आणि अरोवानाचा काळ होता. वास्तुदोषावर उपाय म्हणून मासा घेणारे निम्मे. आमचा माल हावड्याच्या गाडीनं यायचा, भुसावळ जंक्शनला थर्माकोलचे खोके उतरवून घ्यायचो. धंदा चालत होता, पण त्यात मला रस वाटेना. मासा जगला तर गिऱ्हाईक वर्षभर फिरकत नाही आणि मेला तर पुन्हा कधीच येत नाही, असा तो व्यवहार.

जळगावला दुकान टाकल्यावर एका डॉक्टरांनी वेगळीच मागणी केली. त्यांच्या वेटिंग रूमला टाकी हवी होती, पण प्लास्टिकची झाडं नकोत, खऱ्या पाणवनस्पती हव्यात. जपानच्या ताकाशी अमानो यांनी जी शैली जगभर नेली, दगड, लाकूड आणि हिरवळीचं पाण्याखालचं रान, तसं काहीतरी. त्यांनी परदेशी खतांच्या बाटल्याही मागवून ठेवल्या होत्या. मी एका बाटलीचं लेबल वाचलं आणि हसूच आलं. पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, चिलेटेड लोह. म्हणजे आप्पांच्या रॅकवरचंच सामान, फक्त पाण्यात विरघळवून, सुगंधी तेलाच्या भावानं विकलेलं.

आमचा आजचा धंदा खरा तिथून सुरू झाला. आम्ही टाक्या विकतो, झाडं विकतो, देखभालीची कंत्राटं घेतो, पण ज्याच्यासाठी लोक धुळ्या-नंदुरबारहून फोन करतात ती गोष्ट म्हणजे माप. कोणत्या पाण्यात, कोणत्या उजेडात, किती खत आणि किती गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड.

खताचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी सांगून टाकतो. आमची 'ए' बाटली अर्ध्या लिटरची. त्यात ४१ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि ३.६ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट असतं. गोणीतलं खत नाही, केमिकल डीलरकडून आणलेलं शुद्ध प्रतीचं. शंभर लिटर पाण्याला १० मिली टाकलं की नायट्रेट ५ पीपीएमनं (लिटरला ५ मिलिग्रॅमनं) आणि फॉस्फेट अर्ध्या पीपीएमनं वाढतं. आठवड्यातून तीनदा टाकायचं आणि रविवारी निम्मं पाणी बदलायचं. झाडांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तरी दर आठवड्याला १५ पीपीएम पडतं आणि निम्मं निघून जातं, म्हणून नायट्रेट ३० च्या वर साठतच नाही. निम्मं पाणी बदलण्याचा सगळा मुद्दा हा एवढाच. कृती आम्ही लपवत नाही. घरी साडेतीन ग्रॅम तोलेल असा काटा फार कमी लोकांकडे असतो, त्यामुळे बाटल्या खपतातच.

'बी' बाटली लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची, आणि ती वेगळ्या दिवशी टाकायची. फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की साका बसतो. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि झिरो बावन एकाच टाकीत कालवून ड्रिपर चोंदवलेला माणूस गावात एक तरी असतोच. लोहाचंही तसंच. आपल्या चुनखडीच्या जमिनीत केळी पिवळी पडली की साधं लोह उपयोगी पडत नाही, चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून विरघळतं ठेवलेलं, द्यावं लागतं. टाकीतही पाण्याचा पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए हा धरणारा रेणू लोहाला फार धरून ठेवत नाही. डीटीपीए साडेसातपर्यंत निभावतं. ईडीडीएचए त्याच्याही पुढे टिकतं, पण पाणी लालसर दिसतं आणि डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लालसर पाणी कोणाला आवडत नाही. म्हणून आम्ही डीटीपीएवर थांबलो.

आणि एक तंबी. १९:१९:१९ टाकीत टाकायचं नाही. त्यातलं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपातही असतं. पीएच सातच्या वर आणि पाणी गरम, म्हणजे आपल्याकडची नेहमीची टाकी, की त्यातला विषारी अमोनिया वाढतो आणि मासे जातात. शेवाळ येते ती वेगळीच. घरात गोणी आहे म्हणून चिमूटभर टाकणारे दर हंगामात भेटतात.

आता कार्बन डायऑक्साइड. खत बरोबर असूनही झाड वाढत नाही तेव्हा नव्वद टक्के वेळा आम्ही इकडे बघतो. पालाश कितीही द्या, नत्र कमी असेल तर घड भरत नाही, हा लीबिगचा नियम केळीवाल्याला ठाऊक असतो. टाकीत ती कमी पडणारी गोष्ट बहुतेकदा कार्बन असते, कारण हवेतल्यापेक्षा पाण्यात हा वायू साधारण दहा हजार पटीनं हळू पसरतो. म्हणून सिलिंडर, रेग्युलेटर, डिफ्यूजर लावून तो पाण्यात सोडायचा आणि ३० पीपीएमच्या आसपास ठेवायचा. त्याहून फार वर गेला की माशांना श्वास जड होतो.

तीस झाले हे ओळखायचं कसं, इथे खान्देशातल्या टाक्या फसत होत्या. हिशेब असा : केएचला तीननं गुणायचं आणि त्याला दहाच्या (सात वजा पीएच) घातानं गुणायचं. केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट, तोच जो ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतो आणि ज्याच्यासाठी ठिबकला अ‍ॅसिड सोडावं लागतं. जगभरच्या तक्त्यांत केएच ४ धरलेला असतो. त्या पाण्यात पीएच ६.६ आला की कार्बन डायऑक्साइड ३० झाला. आपल्या बोअरच्या पाण्याचा केएच सहज १४ निघतो. त्या पाण्यात ३० पीपीएम पीएच ७.१५ लाच होतात. तक्त्यातला ६.६ गाठेपर्यंत कोणी गॅस वाढवत बसला तर पाण्यात १०५ पीपीएम झालेले असतात. यंत्र बरोबर, तक्ता बरोबर, आणि सकाळी मासे उलटे.

अमळनेरच्या एका गिऱ्हाइकाचा रात्री फोन आला होता, "भाऊ, मासा वर ई राहिनात!" म्हणजे मासे वर येताहेत. मी आधी गॅस बंद करायला लावला, मग फिल्टरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवायला सांगितला, एअरपंप होता तोही लावायला लावला. पाणी हललं की हा वायू भराभर उडतो. मासे वाचले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना घेऊन ते स्वतः आले. नुसत्या फोनवर माप सांगायचं आम्ही तेव्हापासून सोडलं.

तेव्हाच बायकोनं पाण्याची वही सुरू केली. जळगावात वाघूर धरणाचं नळाचं पाणी वेगळं, त्याच घरातल्या बोअरचं वेगळं, आणि मे महिन्यात टँकर येतो त्याचं कुठलं हे टँकरवाल्यालाही सांगता येत नाही. वहीत गावाचं नाव, पाणी कुठलं, महिना, केएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) एवढंच लिहिलेलं असतं. आता एखादा चोपड्याचा किंवा सावद्याचा माणूस आला की ती आधी वही उघडते, मग बोलते. बोअरचं पाणी फार जड असेल तर आम्ही निम्मं आरओचं मिसळायला सांगतो. केएच १४ चा ७ होतो आणि ३० पीपीएमला पीएच ६.८५ पडतो. सगळंच आरओ वापरायचा सल्ला आम्ही देत नाही. पाणी वाया फार जातं, आणि आपल्याकडे ते शोभत नाही.

ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत लटकवायचा तो काचेचा छोटा फुगा, यानंही हाच घोटाळा होत होता. लोक त्यात टाकीचंच पाणी भरत. त्यात केएच ४ चं पाणीच हवं. डिस्टिल्ड वॉटर लिटरभर, त्यात खायचा सोडा ०.१२ ग्रॅम. इतकं तोलता येत नाही, म्हणून १.२ ग्रॅम लिटरात विरघळवायचा आणि त्यातलं १०० मिली घेऊन ९०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालायचं. मग ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-चार थेंब. निळा रंग म्हणजे गॅस कमी, पोपटी म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे हात आवरा. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेव्हा नॉब फिरवून लगेच फुग्याकडे टक लावून बसू नये. एका वेळी थोडंच वाढवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. रोज कमी-जास्त होणाऱ्या गॅसवर पानांच्या कडेला काळी केसाळ शेवाळ धरते, आणि ती आली की लोक खताला दोष देतात.

उन्हाळ्याचा अध्याय मात्र आम्हाला कुठल्याच परदेशी माहितीत मिळाला नाही. भुसावळ-जळगावचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या पुढचा पारा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे तापलेल्या खोलीत सिलिंडरचा दाब चढतो. सिलिंडर पूर्ण भरून घ्यायचा नसतो, त्याच्या पाण्याच्या क्षमतेच्या साधारण दोन तृतीयांश वजनाइतकाच गॅस भरायचा, आणि भरून आणताना गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायचा नाही. गेजवरून गॅस किती उरला हे कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि संपला की धाडकन पडतो, म्हणून आम्ही सिलिंडर वजनकाट्यावर तोलून सांगतो. स्वस्तातल्या रेग्युलेटरचा आणखी एक गुण असा की सिलिंडर संपता संपता तो गॅस जास्तच सोडतो. सोलेनॉइड व्हॉल्व्हशिवाय किट आम्ही विकतच नाही. लाइट गेली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. नाहीतर फिल्टर बंद, दिवा बंद आणि गॅस मात्र चालू.

साखर आणि यीस्टच्या बाटलीवरही बरेच जण चालवतात. हिवाळ्यात ती ढिम्म असते, मे महिन्यात फेसाळून नळीतून टाकीत येते. लहान टाकीला हौस म्हणून ठीक.

पाणी ३२-३३ अंशांवर गेलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो, म्हणजे माशाला दोन्हीकडून मार. उपाय साधा आहे. आपली हवा कोरडी, त्यामुळे टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला की पाणी उडून तीन-चार अंश सहज उतरतं. मात्र पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज कमी झालेलं पाणी बोअरनं भरत गेलं तर जूनपर्यंत टीडीएस भलतीकडे पोचलेला असतो. उन्हाळ्यात भर घालायची ती आरओच्याच पाण्याची. दिवा सहा तासांवर आणायचा, आणि उजेड कमी केला की खत आणि गॅसही त्याच मानानं खाली. दिवा तसाच ठेवून नुसतं खत कमी करणं हा उलटा धंदा आहे, शेवाळेला आमंत्रण.

सध्या आमच्याकडे दवाखाने, दोन-तीन हॉटेलं आणि बऱ्याच घरगुती टाक्यांची देखभाल आहे. प्रत्येकाला सिलिंडर लागत नाही. अनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी झाडं कमी उजेडात, गॅसशिवाय, आठवड्याला थोड्या खतावर वर्षानुवर्षं राहतात, आणि येणाऱ्या दहा माणसांतल्या सात जणांना आम्ही हेच सुचवतो. किट विकलं असतं तर पैसे जास्त मिळाले असते हे खरं. पण गॅसवरची टाकी दर आठवड्याला कात्री मागते. ज्याला वेळ नाही त्याच्या घरी ती चार महिन्यांत हिरवा गाळ होते, आणि नाव आमचं जातं.

एप्रिल ते जून आम्ही नवीन सीओटू किट बसवत नाही. ज्यांना पावसाळ्यानंतर टाकी लावायची आहे त्यांनी तोवर पाण्याचा नमुना आणून ठेवावा. पाण्याची लिटरची रिकामी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आणि वर चिठ्ठी चिकटवायची : गाव, नळ की बोअर, आणि भरल्याची तारीख. बोअर असेल तर मोटार दहा मिनिटं चालू दिल्यावरच भरावी. नमुना तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.