नोट मोडवत नाही
पुणे, रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, रात्री साडेदहा

आज महिनाअखेर. जेवणे आटोपल्यावर कपाटातली सहा पाकिटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली आणि नोटा मोजल्या. भाजी-फळांच्या पाकिटात ३४० रुपये उरले होते, वाणसामानाच्या पाकिटात १,१२०, औषधांचे पाकीट जवळजवळ जसेच्या तसे होते आणि ‘बाहेरचे खाणे’ असे लिहिलेले पाकीट रिकामे होते. ते मंगळवारीच संपले होते. मंगळवारपासून आज रात्रीपर्यंत आम्ही तिघांनी बाहेर काही खाल्ले नाही आणि त्यावरून घरात एकदाही वाद झाला नाही, ही गोष्ट मला आज लिहून ठेवावीशी वाटते.

महिन्याचा घरखर्च कार्डाऐवजी रोखीने, पाकिटांत वाटून ठेवलेल्या नोटांतून करायचा, हे ऑगस्टपासून सुरू केले, त्याला कारण झाले जुलैचे क्रेडिट कार्डाचे बिल. रक्कम होती २३,४१८ रुपये. एका संध्याकाळी लाल पेन घेऊन मी ते बिल ओळीओळीने वाचले. एकूण ५७ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ३८ नोंदी पाचशे रुपयांच्या आतल्या. मोठी खरेदी म्हणावी अशी एकच, ती लेकीच्या बुटांची. चौदा नोंदी अशा निघाल्या की दुकानाचे नाव वाचूनही तिथून काय आणले ते मला आठवेना. एकूण रकमेपेक्षा त्या चौदा ओळींचेच मला अधिक वाईट वाटले. महिनाभर राबून मिळवलेले पैसे आपण कशासाठी दिले, हेच मला सांगता येत नव्हते. २०२१च्या जानेवारीपासून पाच हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीला पिनही लागेनासा झाला आहे. कार्ड यंत्राला टेकवले की व्यवहार पूर्ण. पूर्वी चार आकडे दाबताना मनात जो एक विचार येऊन जायचा, तोही त्यामुळे गेला.

त्याच्या आधीच्या महिन्यात मी बिलातली फक्त ‘किमान देय रक्कम’ भरली होती आणि ती भरली म्हणजे आपण नियमात आहोत, अशी माझी समजूत होती. बाकी थकली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासूनच लागू होते, हे मला तेव्हा कळले. माझ्या कार्डावर ते दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के होते. बँकेतून दोनदा फोन आला, तो बाकीचे हप्ते करून देतो असे सांगायला. हा व्याजाचा भाग मात्र मलाच बिलामागच्या बारीक अक्षरांतून शोधून काढावा लागला. दागिना गहाण ठेवून कर्ज घेताना आपण चार ठिकाणी दर विचारतो. इथे तसा प्रश्न विचारण्याचे मला सुचलेही नव्हते, याची खंत वाटते.

पाकिटांची कल्पना माझी नाही, आईची आहे. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात बाबांचा पगार झाला की त्या रात्री ती जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे घेऊन बसे. वरची नावे खोडून त्यांवर तिने लिहिलेले असे : दूध, वाणी, फी, वीज, आला-गेला. ‘आला-गेला’ हे पाकीट पाहुण्यांसाठी असे आणि कितीही ओढाताण झाली तरी ती त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावत नसे. मी माझ्या सहा पाकिटांतले एक त्याच नावाचे ठेवले आहे. आईचे दुसरे सांगणे असे की नोट मोडली की ती टिकत नाही, म्हणून शंभराची नोट मोडण्याआधी ती दोन दिवस काढायची.

याच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे, हे मला या चार महिन्यांत वाचायला मिळाले. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवले की तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेच्या रूपात हातात असली तर माणूस ती खर्च करायला कचरतो आणि सुट्ट्यांच्या रूपात असली तर सहज खर्चून टाकतो. त्याआधी २००१ मध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा अमेरिकेतल्या व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायची होती. काहींना पैसे रोख द्यावे लागतील असे सांगितले, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. वस्तू तीच असताना केवळ पैसे देण्याची रीत बदलल्यामुळे तिची किंमत माणसाच्या मनात दुप्पट व्हावी, हे वाचून मला माझ्या चौदा ओळी आठवल्या.

पहिल्या महिन्यात मी चूक केली ती नेमकी इथेच. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळ्या पाकिटांत दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरल्या, आणि वीस तारखेला भाजीचे पाकीट संपले. सप्टेंबरपासून पाकिटात पाचशेच्या नोटा ठेवते आणि मोड वेगळ्या डब्यात. त्यामुळे मंडईत मात्र पंचाईत होते. आज सकाळी मेट्रोने मंडईला उतरले, मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो गवार आणि एक भोपळ्याची फोड घेतली, पंचाण्णव रुपये झाले आणि मी पाचशेची नोट पुढे केली. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, सकाळच्या पारी एवढी मोड कुठनं आणू?” मग त्यांनी शेजारच्या गाळ्यावरून शंभराच्या नोटा आणवल्या, अंगठा ओला करून दोनदा मोजल्या आणि माझ्या हातावर एकेक करून ठेवल्या. समोर क्यूआरचा फलक टांगलेला होता. त्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, “ते पैसे पोराच्या खात्यात जातात. रोख आले की माझ्या हाताला लागतात.” पाचशे देताना हात अडखळतो तो केवळ माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा, असे मी समजत होते, नोट कोणाच्या हातात पडते यालाही अर्थ असतो, हे आज कळले. आता मंडईला जाताना मोडीचा डबा सोबत नेईन.

रोखीने इच्छा मरत नाही, हेही लिहिले पाहिजे. सप्टेंबरमध्ये तुळशीबागेत बिडाचे आप्पेपात्र पाहिले. किंमत ८५०, जवळ पाचशेच्या दोन नोटा. पहिली नोट मी काढली. दुसरी काढताना ती परत येईल ती दीडशे होऊन, हे डोळ्यांपुढे आले, आणि मी आप्पेपात्र खाली ठेवले. पुढचे आठ दिवस ते मनातून गेले नाही. नवव्या दिवशी जाऊन घेऊन आले. कार्ड असते तर ते पहिल्याच दिवशी घरी आले असते, पण त्यासोबत आणखी दोन वस्तूही आल्या असत्या, त्यांची आज मला आठवणही नाही. आप्पेपात्र मात्र दर रविवारी चुलीवर चढते.

सगळे रोखीने होत नाही. वीजबिल आणि लेकीची फी खात्यातूनच जाते. एवढी रक्कम घरात ठेवणे शहाणपणाचे नाही आणि पावतीही लागते. शिवाय रोखीचा व्यवहार मागे काही लिहून ठेवत नाही, म्हणून दुपारी घेतलेला चहासुद्धा रात्री वहीत मांडावा लागतो, आणि तीन दिवस खंड पडला की वही खोटी होते. फोनवरून पैसे देण्यासाठी मी एक वेगळे खाते ठेवले आहे, त्यात महिन्याला दोन हजारच असतात. कार्ड कपाटात आईच्या जुन्या बटव्यात आहे.

मला सर्वांत जास्त मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कार्डाचा हिशेब एकट्या माझ्या फोनवर येत असे, म्हणून ‘नको’ म्हणण्याचे काम एकट्या माझ्यावर पडे आणि मग मी लेकीच्या नजरेत कंजूष ठरे. पाकीट सगळ्यांना दिसते. मंगळवारी संध्याकाळी क्लासहून आल्यावर तिने पिझ्झा मागवू का म्हणून विचारले, मग स्वतःच उठून पाकीट उघडून पाहिले, आणि काही न बोलता कणकेचा डबा खाली काढला. नवऱ्याने कांदे चिरले. रात्री आम्ही थालीपीठ खाल्ले.

आज मोजणी झाल्यावर तिने विचारले, भाजीतले ३४० पुढच्या महिन्याच्या बाहेरच्या खाण्यात घालूया का. नवऱ्याचे मत होते की ते ‘आला-गेला’मध्ये जावेत, कारण डिसेंबरमध्ये आत्या चार दिवस राहायला येणार आहेत. बरीच चर्चा झाली. शेवटी २०० आत्यांच्या नावाने आणि १४० तिच्या नावाने पडले, आणि तिने ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले. उद्या ऑफिसला जाताना कर्वे रस्त्यावरच्या एटीएममधून पैसे काढायचे आहेत.