केसाळ पायावर मायक्रोकरंट

आज मखमलाबादजवळच्या तबेल्यात वरातीच्या घोडीच्या सुजलेल्या पायाला मायक्रोकरंट, म्हणजे अगदी सूक्ष्म विजेचा उपचार, दिला. नाशिकच्या थंडीने पायावर दाट केस आलेत. कोरड्या केसांतून वीज जात नाही. वीज सोडणारा पॅड वरच्यावर राहतो नि मशीन नुसतंच चालू दिसतं. म्हणून आधी ब्रशने माती झाडली, मिठाच्या कोमट पाण्याने केस भिजवले, बोटांनी दुभंगून थेट कातडीला जेल लावलं. शायर, क्लाइड्सडेलसारख्या झुपकेदार पायांच्या घोड्यांच्या जातींना तर हे हवंच. करंट मायक्रोअँपिअरमधला, म्हणजे अँपिअरचा 10 लाखावा भाग. जनावराला बहुधा जाणवतही नाही. कान सैल सोडून निवांत उभी होती बिचारी.

मालक म्हणाले, "केस कापूनच टाकू का?" नको म्हटलं, ऐन थंडीत कशाला पाय उघडे पाडायचे? डॉक्टरांची औषधं चालूच आहेत. सूज उतरेपर्यंत वरात बंद, हे मालकांनी मान्य केलं. फार बरं वाटलं.