आमची वाटचाल : फिंगर जॉइंटच्या आधाराने

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्याची सुरुवात दागिन्यांच्या आणि मसाल्याच्या लाकडी पेट्यांपासून झाली. हाताने डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट बोटांचा जोड, पाडणारे कसबी सुतार मोजकेच असल्यामुळे, सर्क्युलर सॉला जिग (कापाचे अंतर सारखे ठेवणारा साचा) लावून प्रत्येक पेटीला सारखाच उतरणारा फिंगर जॉइंट, म्हणजे दोन फळ्यांची सरळ बोटे एकमेकांत गुंतवणारा जोड, आम्ही निवडला आणि आमचा धंदा त्यावरच उभा राहिला.

या जोडाचे खरे बळ डिंक धरणाऱ्या पृष्ठभागात आहे. 12 मि.मी. जाडीच्या आणि 96 मि.मी. उंचीच्या फळ्या काटकोनात नुसत्या चिकटवल्या, तर डिंकाला 1152 चौ. मि.मी. जागा मिळते, आणि तीही फळीच्या तोंडावरची, जिथे लाकूड डिंक शोषून घेते व पकड कच्ची राहते. त्याच फळ्यांना 6 मि.मी.ची बोटे पाडली की बोटांच्या एकमेकांना भिडणाऱ्या 15 बाजूंची मिळून 2160 चौ. मि.मी. जागा होते, आणि या बाजू लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापलेल्या असल्यामुळे डिंक तिथे घट्ट धरतो.

मात्र हा जोड मापाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे. जिगमध्ये एका कापामागे 0.1 मि.मी.चा फरक राहिला, तरी आठव्या कापापर्यंत तो 0.8 मि.मी. होतो आणि बोटे बसत नाहीत. जोड हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवला, तर डिंक बाहेर ढकलला जातो आणि सांधा कोरडा राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात सगळ्या बोटांना ब्रशने डिंक लावेपर्यंत पहिली बोटे सुकू लागतात, म्हणून त्या दिवसांत जोडणीचे काम आम्ही भल्या सकाळी उरकतो.

खणांच्या (ड्रॉवरच्या) ऑर्डरी येऊ लागल्यावर या जोडाची मर्यादा अधिक विचारात घ्यावी लागली. खण उघडताना दर्शनी फळीवर दर वेळी ओढ बसते. डव्हटेलचा पसरट आकार ही ओढ स्वतः अडवतो, तर फिंगर जॉइंटमध्ये ती सगळी डिंकावर येते. त्यामुळे जड सामानाच्या खणांना पुढे डव्हटेल आणि मागे फिंगर जॉइंट, अशी पद्धत आम्ही ठरवली, जरी त्यामुळे मजुरी वाढते. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड रुंदीकडे फुगते. कोपऱ्यावरच्या दोन्ही फळ्या एकाच दिशेने फुगत असल्याने सांध्यावर ताण कमी येतो, पण एक फळी सागवानाची आणि दुसरी आंब्याची असेल, तर कडा वरखाली होतात. म्हणून एका खणाला एकाच जातीचे, 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेले लाकूड वापरण्याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

केरळहून येणाऱ्या रबरवुडच्या (रबराच्या झाडाच्या लाकडाच्या) फळ्यांमधला जोड वेगळा असतो. गाठी कापून टाकून उरलेले आखूड तुकडे निमुळत्या बोटांनी टोकाला टोक लावून जोडलेले असतात. फळीच्या तोंडावर डिंक टिकत नसल्यामुळेच तिथे बोटांना उतार दिलेला असतो. घरातली कपाटे आणि टेबलांसाठी हा माल उत्तम आहे, परंतु पागोळ्यांचे पाणी उडणाऱ्या पडवीतल्या बाकांसाठी आम्ही तो देत नाही. त्या कामाला अखंड सागवान आणि कुसाचा जोड (एका लाकडाचे कूस दुसऱ्याच्या भोकात बसवलेला) हेच आमचे कोटेशन असते.